चालण्याचं माप घेताना

जबलपूरच्या ग्वारीघाटावर सकाळी लवकर उभं राहिलं, की नर्मदेत बुडी मारून वर आलेल्या माणसांची ओली पावलं फरशीवर उमटलेली दिसतात. दोन-चार मिनिटांत ती सुकून जातात, पण तेवढ्यात बघणाऱ्याला बरंच काही कळतं. एकाच्या उजव्या पायाची टाच पुरी उमटलेली असते आणि डाव्याचा नुसता चवडा. एखाद्या आजींची पावलं इतकी आखूड, की पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या अंगठ्याला जेमतेम ओलांडते. मात्र दोन्ही पायांमधलं आडवं अंतर चांगलं वीतभर असतं, कारण तोल जाईल या भीतीनं त्या पाय फाकवून चालतात. परिक्रमेला निघालेला तरुण त्यांच्या शेजारून गेला, की त्याच्या एका ढांगेत आजींची चार पावलं मावतात.

माणसाचं चालणं मोजायचं म्हणजे हेच बघायचं, फक्त ते आकड्यांत आणि पुन्हा पडताळता येईल असं. इंजिनिअरिंग, फिजिओथेरपी किंवा ऑर्थोपेडिक्स शिकणारी मुलं या विषयात प्रकल्प घ्यायचा म्हणतात तेव्हा पहिला प्रश्न बहुधा यंत्राचा असतो. कोणता कॅमेरा, कोणता सेन्सर, किती लाखांचं बजेट? हा लेख त्या प्रश्नाआधी काय करायचं, हे सांगण्यासाठी आहे.

या कामाला जबलपूर फार योग्य गाव आहे. डुमना रस्त्यावर २००५ साली सुरू झालेली ट्रिपलआयटीडीएम ही अभियांत्रिकी संस्था आहे, तिच्या नावातच डिझाइन आणि मॅन्युफॅक्चरिंग दोन्ही आहेत. १९५५ पासूनचं मेडिकल कॉलेज आहे. त्याला नेताजी सुभाषचंद्र बोसांचं नाव आहे. कृत्रिम हातपाय बनवणाऱ्या सरकारी अ‍ॅलिम्को या कंपनीचं मुख्यालय कानपूरला असलं, तरी तिचं एक सहायक उत्पादन केंद्र जबलपुरात आहे. यंत्र करणारे, रुग्ण तपासणारे आणि पाय बनवणारे असे तिघंही एका गावात क्वचितच सापडतात. या तिघांना एकमेकांची भाषा समजायची असेल तर मधे नीट घेतलेलं माप हवं. नुसतं ‘चाल सुधारली’ म्हणून भागत नाही.

माझं सांगणं एकच आहे: आधी आपली चूक मोजा, मग समोरच्या माणसाचं चालणं.

हे मी ठेच लागून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका छोट्या प्रकल्पात आम्ही गुडघेदुखीच्या रुग्णांचे व्हिडिओ घेतले. सहा आठवडे व्यायाम करून घेतल्यावर पुन्हा घेतले. चालताना गुडघा सरासरी चार अंशांनी जास्त वाकतोय असं दिसलं. आम्हाला आनंद झाला, तक्ते तयार झाले. मग एका सहकाऱ्यानं साधी सूचना केली: आपल्यातल्याच एका धडधाकट विद्यार्थ्याला दोन दिवस, दोन वेगवेगळ्या माणसांकडून मोजून बघू. त्याच मुलाच्या त्याच गुडघ्यात पाच अंशांचा फरक आला. त्याचा गुडघा रातोरात बदलला नव्हता, बदलली होती सांध्यांवर खुणेसाठी लावलेल्या चिकटपट्टीची जागा. आमचे चार अंश त्या पाच अंशांत बुडून गेले. रुग्णांना खरंच बरं वाटत होतं की नाही, याचं उत्तर आमच्या मापात नव्हतंच.

आधी प्रश्न, मग यंत्र

‘गुडघ्याच्या रुग्णांच्या चालण्याचा अभ्यास’ हा प्रश्न नव्हे, तो विषय झाला. प्रश्न असा हवा, की त्याचं उत्तर आल्यावर कोणीतरी काहीतरी वेगळं करील. पक्षाघातानंतर पावलाचा पुढचा भाग जमिनीला घासतोय का, आणि आधारपट्टा लावल्यावर तो किती उचलला जातो? कृत्रिम पायावर माणूस जितका वेळ भार देतो तितकाच चांगल्या पायावर देतो का, की घाईनं उचलून घेतो? पहिल्या प्रश्नाला बाजूनं घेतलेला चांगला व्हिडिओ पुरेल. दुसऱ्याला फक्त पाय टेकल्याची आणि उचलल्याची वेळ हवी. गुडघ्याच्या आतल्या बाजूवर किती भार येतो असं विचारलंत, तर मात्र जमिनीत बसवलेली, भार मोजणारी फोर्स प्लेट आणि त्रिमितीय कॅमेरे लागतील. ते नसतील तर प्रश्न बदला. व्हिडिओवरून भाराचा अंदाज बांधत बसू नका.

चालण्याची साधी शब्दावली सगळ्यांनी एकाच अर्थानं वापरली पाहिजे. एका पायाच्या टाचेपासून पुढे पडलेल्या दुसऱ्या पायाच्या टाचेपर्यंत एक पाऊल. तोच पाय पुन्हा टेकेपर्यंत दोन पावलं, म्हणजे एक ढांग, आणि तेवढ्या वेळात एक चक्र पुरं होतं. या चक्रातला साधारण ६० टक्के वेळ पाय जमिनीवर असतो, ४० टक्के हवेत. पावलाला नाव पुढे पडणाऱ्या पायाचं द्यायचं. इथे हमखास गफलत होते. उजवा पाय दुखत असेल तर माणूस त्याच्यावर कमी वेळ थांबतो, म्हणून डावा पाय लवकर खाली येतो आणि आखूड पडतं ते डावं पाऊल. तक्त्यात डावं-उजवं उलटं लिहिलं गेलं, तर चांगल्या पायावर उपचार सुचवले जातील.

टेप, स्टॉपवॉच आणि कागद

पहिले दोन आठवडे यापलीकडे काहीही विकत घेऊ नका. दहा मीटरचा सरळ, सपाट व्हरांडा शोधा. दोन्ही टोकांचे दोन-दोन मीटर वेग घेण्यासाठी आणि कमी करण्यासाठी सोडा. मधल्या सहा मीटरच्या दोन्ही बाजूंना रंगीत पट्टी लावा आणि तेवढ्याच अंतराची वेळ मोजा. धडधाकट प्रौढ माणूस सहज चालताना सेकंदाला साधारण १.२ ते १.४ मीटर जातो. वृद्धांमधली स्नायूंची झीज तपासताना युरोपातल्या तज्ज्ञगटानं ०.८ मीटर ही सीमा धरली आहे, तर आशियाई गटानं २०१९ साली ती १.० मीटरवर नेली. नुसता वेग इतकं सांगतो. तो मोजायला खर्च शून्य येतो, म्हणून त्याला कमी लेखू नका.

स्टॉपवॉचची चूकही इथेच समजून घ्या. बटण दाबायला हाताला सेकंदाचा पाचवा भाग सहज लागतो. सहा मीटर पाच सेकंदांत पार होत असतील, तर ती चूक चार टक्क्यांची झाली. तीनदा मोजून सरासरी घेतली की ती कमी होते. दोन माणसांनी एकाच वेळी वेगवेगळ्या घड्याळांनी मोजलं, तर ती डोळ्यांना दिसतेही.

सूचना देण्याचे शब्द वहीत लिहून ठेवा आणि दर वेळी तेच म्हणा. ‘चला’ आणि ‘भरभर चला’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिवाय डॉक्टर बघतायत म्हटल्यावर माणूस आपोआप ताठ होऊन झपाझप चालू लागतो. आमच्याकडे बहुतेकांना हिंदीत सांगावं लागतं, तेव्हा ‘जैसे रोज़ बाज़ार जाते हैं, वैसे चलिए’ हे वाक्य मला सगळ्यात चांगलं वाटलं. बाजार म्हटलं की पाय नेहमीच्या चालीवर येतात. पहिली फेरी मोजायचीच नाही, ती फक्त बुजरेपणा जाण्यासाठी.

ओल्या पावलांचं काम घरातही करता येतं. छापखान्यात मिळणारा कोऱ्या कागदाचा रोल जमिनीवर अंथरा, तळव्यांना गेरूचं पाणी किंवा धुवून निघणारा रंग लावा आणि चालायला सांगा. मधल्या सहा-आठ पावलांवरून पावलाची लांबी, दोन टाचांमधलं आडवं अंतर आणि पाऊल बाहेर किती वळतं त्याचा कोन टेपनं मिळतो. कागद सरकला तर माणूस घसरून पडेल, म्हणून कडा चिकटपट्टीनं घट्ट बसवा आणि कोणीतरी त्याच्या जरा मागून, बाजूनं चालत राहावं. हे कागद जपून ठेवा. पुढे लाखमोलाचा सेन्सर आला तरी तो खरं सांगतोय का हे बघायला हेच उपयोगी पडतात.

सांध्याचा कोन स्थिर अवस्थेत मोजायला फिजिओथेरपीतला साधा गोनिओमीटर आहेच. पाच अंशांच्या आतले फरक त्यावरून ठामपणे सांगू नयेत. रुग्णानं स्वतः वाकवलेला गुडघा आणि तुम्ही हातानं वाकवलेला गुडघा यांचे आकडे कधी एका रकान्यात टाकू नका.

खिशातला कॅमेरा

मोबाइलच्या व्हिडिओवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेकांचं काम त्यावरच चालणार आहे आणि बहुतेक चुकाही तिथेच होतात.

साधा व्हिडिओ सेकंदाला ३० चित्रं घेतो, म्हणजे दोन चित्रांत ३३ मिलिसेकंदांचं अंतर. पाय हवेत असतो तो काळ साधारण ०.४ सेकंदाचा, म्हणजे जेमतेम बारा चित्रं. टाच टेकली ते चित्र ओळखण्यात एका चित्राची चूक झाली, तरी त्या काळात आठ टक्क्यांचा फरक पडतो. टाच टेकल्यावर धक्का सोसण्यासाठी गुडघा पंधरा-वीस अंश वाकतो. ही फार महत्त्वाची हालचाल, आणि ती चार-पाच चित्रांत संपते. तेव्हा फोनमधला स्लो मोशन वापरा, १२० किंवा २४० चित्रांचा.

पण चित्रं वाढवून भागत नाही. पुढे झेपावणारं पाऊल एका क्षणी सेकंदाला चार मीटरच्या आसपास वेगानं जातं, म्हणजे शरीराच्या वेगाच्या तिप्पट. शटर सेकंदाचा साठावा भाग उघडं राहिलं, तर तेवढ्यात पाऊल साडेसहा सेंटीमीटर पुढे गेलेलं असतं आणि घोट्यावरची खूण पट्ट्यासारखी फराटली जाते. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर आणलं की तोच फराटा चार मिलिमीटरचा होतो. त्यासाठी भरपूर उजेड हवा. ट्यूबलाइटच्या प्रकाशात स्लो मोशन घेतला तर चित्र लुकलुकतं, कारण आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची आहे आणि दिवा शंभर वेळा उजळतो-मंदावतो. उत्तरेकडे उघडणारा व्हरांडा आणि सकाळचा उजेड यांच्यासारखा स्टुडिओ नाही.

कॅमेरा तिवईवर, गुडघा आणि खुबा यांच्या मधल्या उंचीवर, चालण्याच्या रेषेला काटकोनात ठेवा. किमान पाच मीटर दूर. जागा नाही म्हणून फोनची रुंद कोनाची लेन्स वापरू नका, तिच्यात कडेच्या सरळ रेषा वाकतात आणि त्याबरोबर पायही वाकतो. माणूस चित्राच्या मध्यापासून डावी-उजवीकडे एक-एक मीटरच्या आत असतानाचीच चक्रं मोजा. दोन मीटर पुढे गेला की पाच मीटरवरच्या कॅमेऱ्याला तो वीस-बावीस अंश तिरका दिसतो. मोजायचा तो कॅमेऱ्याजवळचाच पाय. पलीकडचा पाय वीस सेंटीमीटर मागे, म्हणून चार टक्के लहान दिसतो. त्या पायासाठी माणसाला परत फिरवा.

चित्रात दोन वस्तू नेहमी असाव्यात. एक, चालण्याच्या रेषेवर उभी धरलेली मीटरपट्टी, लांबीच्या मापासाठी. दुसरी गवंड्याचा ओळंबा. भिंतीला टांगलेला ओळंबा चित्रात सरळ दिसला नाही तर कॅमेरा कलला आहे, आणि तेवढेच अंश तुमच्या प्रत्येक मांडीच्या, नडगीच्या कोनात शिरले आहेत. पाच रुपयांच्या दोऱ्यानं पकडता येणारी ही चूक मी छापील प्रबंधांतल्या चित्रांतही पाहिली आहे.

आणखी एक: काही फोन उजेड कमी झाला की गुपचूप चित्रांची संख्या घटवतात. चालू स्टॉपवॉचचा व्हिडिओ घेऊन तुमचा फोन खरोखर सेकंदाला किती चित्रं घेतो ते एकदा मोजा.

कोन काढण्यासाठी किनोव्हिया हे मोफत सॉफ्टवेअर पुष्कळ आहे. अलीकडे खुणा न लावता संगणकच सांधे ओळखतो. २०१७ मध्ये ओपनपोझ आलं, मग गुगलचं मीडियापाइप आलं, ते शरीरावरचे ३३ बिंदू शोधतं. सोय मोठी आहे, पण त्यांचा ‘गुडघा’ म्हणजे हाडांचा गुडघा नव्हे. हजारो छायाचित्रांवर माणसांनी जिथे बोट ठेवलं, तिथला तो अंदाज आहे. दोन पाय एकमेकांना ओलांडतात त्या क्षणी उजव्या-डाव्याची अदलाबदल होऊ शकते. साडी किंवा धोतर असलं तर बिंदू कापडावरच तरंगतात. किमान दहा चक्रं स्वतः हातानं मोजून ताडून बघितल्याशिवाय त्याच्या आकड्यांवर विसंबू नका.

बोटांना हाड कळलं पाहिजे

खुणा लावायच्या असतील तर ते कौशल्य संगणकावर येत नाही. मेडिकल कॉलेजात किंवा फिजिओथेरपीच्या विभागात जाऊन जाणत्या माणसाच्या हाताखाली शिका. मांडीचं हाड खुब्याशी बाहेर येतं तो उंचवटा म्हणजे ट्रोकँटर. माणसाला उभं करून पाय आत-बाहेर फिरवायला सांगितलं की तो बोटाखाली हलतो. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला मांडीच्या हाडाचा उंचवटा शोधायचा. नवशिक्यांचं बोट हटकून खाली, पोटरीच्या बारीक हाडाच्या डोक्यावर जातं. घोट्याचं बाहेरचं हाड सोपं आहे.

एक सेंटीमीटरनं काय बिघडतं, याचं गणित स्वतः करून बघा. खुब्यापासून गुडघ्यापर्यंत ४० सेंटीमीटर, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत ४० धरा. खुब्याची खूण एक सेंटीमीटर पुढे लागली तर मांडीचा कोन साधारण दीड अंशानं चुकतो. तीच चूक गुडघ्याच्या खुणेत झाली तर मांडी एका बाजूला आणि नडगी दुसऱ्या बाजूला कलते, म्हणून गुडघ्याचा कोन जवळजवळ तीन अंशांनी चुकतो. जास्त लक्ष कुठे द्यायचं ते यावरून कळेल. त्यात कातडीची भर. चालताना मांडीची कातडी हाडावरून सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर सहज सरकते. मे महिन्यात जबलपुरात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा घामानं पट्टी सुटते ते वेगळंच. स्पिरिटनं कातडी पुसा, पेननं बारीक ठिपका करा, म्हणजे पट्टी निघाली तरी जागा हरवणार नाही. एका अभ्यासात खुणा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच माणसानं लावाव्यात.

त्रिमितीय प्रयोगशाळेत काम करण्याची संधी मिळाली तर तिथे इन्फ्रारेड कॅमेरे चकचकीत गोळ्यांचा माग घेतात. प्रत्येक अवयवाला किमान तीन खुणा लागतात. खिडकीतलं ऊन आणि गुळगुळीत फरशीचं प्रतिबिंब तिथे खोट्या खुणा तयार करतं. भेडाघाटच्या संगमरवराचं आम्हाला केवढं कौतुक, पण या खोलीत त्याच्यावर जाडसर चटई घाला. सांध्याचे कोन कोणत्या अक्षाभोवती, कोणत्या क्रमानं मोजायचे याची व्याख्या गुडघ्यासाठी ग्रूड आणि संटे यांनी १९८३ मध्ये मांडली. पुढे बायोमेकॅनिक्सच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २००२ साली खुबा, घोटा आणि मणक्यासाठी शिफारसी दिल्या. त्या पाळा, नाहीतर तुमचे आकडे दुसऱ्याच्या आकड्यांशी बोलणार नाहीत.

तिथली एक खूणगाठ सांगतो. पाय हवेत असताना गुडघा साठ अंशांच्या आसपास वाकतो. नेमक्या त्याच वेळी तो आडवा, म्हणजे आत किंवा बाहेर, पंधरा-वीस अंश वाकलेला दिसला, तर रुग्णाचा गुडघा तसा नाही. तुमचा अक्ष वाकडा बसला आहे आणि पुढे-मागे वाकण्याचा काही भाग आडव्या रकान्यात गळतो आहे. आलेखाचे दोन्ही उंचवटे एकाच जागी दिसले, की संगणक बंद करून खुणा पुन्हा लावा.

अंगावर बांधायच्या सेन्सरांबद्दल थोडक्यात. ते प्रयोगशाळेबाहेर, थेट घाटावरही नेता येतात, हा त्यांचा मोठा गुण. पण गायरोस्कोपचा कोन वेळेबरोबर हळूहळू भरकटतो. चुंबकीय होकायंत्र असलेल्या सेन्सरला इमारतीतल्या सळ्या आणि लोखंडी खाटा फसवतात. माप घेण्याआधी आणि नंतर माणसाला दहा सेकंद स्थिर उभं करा. दोन्ही वेळचा कोन जितका वेगळा, तितकी तुमची भरकट. फोर्स प्लेटवर चालताना ‘यावर पाय ठेवा’ असं कधी सांगू नका. माणूस नेम धरतो आणि पाऊल बदलतं. सुरुवातीची जागा मागेपुढे करा, म्हणजे पाय आपसूक प्लेटवर पडेल.

आपल्या चुकीचं माप

आता मुख्य काम. आठ-दहा निरोगी माणसं घ्या. प्रत्येकाला दोन माणसांनी, दोन वेगळ्या दिवशी, खुणा पूर्ण काढून पुन्हा लावून मोजा. त्यातून मापाची प्रमाण त्रुटी काढा, कोणताही संख्याशास्त्राचा शिक्षक पंधरा मिनिटांत शिकवेल. तिला २.७७ नं गुणलं की किती फरक खरा मानावा याची सीमा मिळते. त्रुटी तीन अंश असेल तर एकाच रुग्णात आठ अंशांहून कमी बदलाला ‘सुधारणा’ म्हणता येणार नाही. पुढारलेल्या प्रयोगशाळांतही दोन ते पाच अंशांची चूक सामान्य समजली जाते, हे २००९ मधल्या एका मोठ्या आढाव्यातून पुढे आलं. तेव्हा तुमची चूक तितकी आली तर लाजू नका, ती छापा.

दहा चक्रांची सरासरी घेतली की चूक जाते, हा समज अर्धाच खरा आहे. पावलागणिक होणारा चढउतार सरासरीत शमतो. चुकीच्या जागी लागलेली खूण मात्र दहाही चक्रांत त्याच जागी असते, हजार चक्रं घेतली तरी तिथेच राहील.

आणि वेग. हळू चाललं की पाऊल आखडतं, गुडघा कमी वाकतो, खुबा मागे कमी जातो. सेकंदाला ०.७ मीटर चालणारा रुग्ण आणि १.३ मीटर चालणारा विद्यार्थी यांची तुलना केलीत, तर तुम्हाला आजार दिसणार नाही, नुसता मंद वेग दिसेल. निरोगी माणसांना मुद्दाम हळूही चालवून तेही आकडे जवळ ठेवा. वयही जुळलं पाहिजे. वसतिगृहातली विशीतली मुलं हाताशी असतात म्हणून त्यांना ‘सामान्य’ ठरवू नये.

समोर माणूस आहे

संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी पहिल्या रुग्णाआधी घ्यायची, प्रबंध लिहिताना नव्हे. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं मोफत मिळतात, वाचा. संमतीपत्र रुग्णाच्या भाषेत हवं आणि वाचून दाखवायला हवं. व्हिडिओत चेहरा येणार असेल तर तसं आधी सांगा, झाकता येत असेल तर झाका.

साडी नेसणाऱ्या बाईंना पाय उघडा करायला सांगणं ही किरकोळ गोष्ट नाही. पडद्यामागची जागा, स्वच्छ धुतलेल्या आखूड तंग विजारी वेगवेगळ्या मापांत, आणि खुणा लावायला बाईच. हे जमत नसेल तर त्यांचा फक्त वेग आणि पावलांचे ठसे घ्या, तेही पुष्कळ आहे. रोज अनवाणी किंवा चपलेत चालणाऱ्याला मोजण्यासाठी बूट घालू नका. दर दोन फेऱ्यांनंतर खुर्ची द्या.

आणि आपल्या लोकांना लागणाऱ्या हालचाली मोजा. पाश्चात्त्य पुस्तकांत सपाट जमिनीवरचं चालणं भरभरून आहे. साठ अंश वाकणारा गुडघा त्यांना पुरतो. आपल्याला मांडी घालून जेवायला बसायचं असतं, उकिडवं बसायचं असतं, घाटाच्या पायऱ्या उतरायच्या असतात. भारतीय लोकांच्या उकिडवं बसण्याचा, मांडी घालण्याचा आणि गुडघे टेकण्याचा एक त्रिमितीय अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात उकिडवं बसताना गुडघा दीडशे अंशांच्या आसपास वाकतो असं दिसलं. १९६८ च्या सुमारास जयपूर फूट घडवताना कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी याच गोष्टी समोर ठेवल्या होत्या: अनवाणी चालता यावं, उकिडवं बसता यावं, शेतातल्या चिखलात पाय टाकता यावा. आयआयटी मद्रासच्या गटानं २०२२ मध्ये आणलेला ‘कदम’ नावाचा कृत्रिम गुडघा १६० अंशांपर्यंत वाकतो. अशी यंत्रं बनतात तेव्हा कोणीतरी आधी माणसांना बसताना, उठताना, उतरताना मोजलेलं असावं लागतं.

जबलपुरात हे काम पायऱ्यांपासून सुरू करता येईल. पायरीची उंची टेपनं मोजा, एकसारख्या दहा पायऱ्या निवडा, बाजूला तिवई लावा. प्रत्येक पायरीवर एकच पाय पडतो की दोन्ही पाय जोडून मग पुढे जातात, कठडा धरतात का, उतरताना कोणता पाय आधी टाकतात, ही तीन निरीक्षणं आणि दहा पायऱ्यांचा वेळ. चढण्यापेक्षा उतरण्याकडे जास्त लक्ष द्या. उतरताना अख्ख्या शरीराचा भार एका वाकत्या गुडघ्यानं सावकाश खाली सोडायचा असतो, आणि दुखरा गुडघा तिथेच कबुली देतो. पहिल्या दिवशी कॅमेरा नेऊच नका, नुसतं बसून बघा आणि लिहा.

माप घेऊन झालं की त्या माणसाला त्याचा कागद द्या. त्यावर मीटर प्रतिसेकंद लिहू नका. ‘दहा पायऱ्या उतरायला २४ सेकंद, कठडा धरून, डावा पाय आधी’ असं त्याला वाचता येईल अशा ठळक अक्षरांत लिहा, तारीख घाला, आणि पुन्हा कधी यायचं तेही.